नकाशावर हिरवा दिसणारा तुकडा

ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यातील दौरादोस हे सोयाबीन आणि मक्याच्या व्यापारावर वाढलेले शहर आहे. तेथील एका खरेदीदार कंपनीसाठी, ज्या शेतांतून माल येतो ती आदिवासी भूमीत मोडत नाहीत ना, हे उपग्रह-नकाशांवरून तपासण्याचे काम माझ्याकडे होते. दौरादिना गावाजवळच्या एका तीस हेक्टरांच्या शेताच्या बांधाला लागून काळ्या प्लास्टिकची पाले दिसल्याने त्या दिवशी मी दुभाष्यासह तेथे गेलो.

शेतकरी सत्तरी ओलांडलेला गृहस्थ होता. त्याने थंडगार तेरेरे, म्हणजे माते वनस्पतीच्या पानांचे पेय, पुढे केले आणि मग कागद मांडले. १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष वार्गास यांच्या सरकारने दौरादोस येथे ३ लाख हेक्टरांची राष्ट्रीय कृषी वसाहत स्थापन केली, तिच्यातला हा तुकडा त्याच्या वडिलांना सरकारनेच दिलेला. कागद अस्सल होते, आणि मला तरी त्या माणसात कुठेही लबाडी दिसली नाही.

बांधापलीकडच्या पालांत ग्वारानी-कायोवा आदिवासी कुटुंबे होती. तिथल्या वृद्धेने झऱ्याची आणि आपल्या माणसांना पुरल्याची जागा दाखवली. वसाहतवाले आले तेव्हा तिच्या घरच्यांना राखीव क्षेत्रात हलवण्यात आले होते. ते क्षेत्रही सरकारनेच १९१७ मध्ये आखले: सुमारे ३,५०० हेक्टर, जिथे आज १३,००० हून अधिक लोक दाटीवाटीने राहतात. सातबाऱ्यावरचे नाव आणि जमीन कसणारे हात यांतले अंतर आपण महाराष्ट्रात पुष्कळ पाहिले आहे. इथे मात्र एकाच सरकारने एका कुटुंबाला उठवून त्याच मातीचा कागद दुसऱ्याच्या हाती दिला होता.

१९८८ च्या राज्यघटनेने आदिवासींच्या पारंपरिक भूमीवरील खासगी मालकीपत्रे निरर्थक ठरवली, आणि सर्व सीमांकन पाच वर्षांत पुरे करण्याचे बंधन सरकारवर घातले. फुनाई या आदिवासी विभागाने इथल्या पानांबी-लागोआ रिका भूमीची १२,१९६ हेक्टरांची हद्द निश्चित केली ती २०११ मध्ये, म्हणजे ती मुदत उलटून अठरा वर्षे झाल्यावर. त्यापुढे न्यायमंत्र्यांची घोषणा आणि राष्ट्राध्यक्षांची मंजुरी हे टप्पे अडून राहिले. घटनेनुसार भरपाई मिळते ती सद्भावनेने केलेल्या बांधकाम-सुधारणांची, जमिनीची नव्हे. त्यामुळे खऱ्या कागदाचा शेतकरीही प्रत्येक टप्प्याला कोर्टात आडवा जातो. भरपाईची ही गाठ आधी सोडवली असती तर निम्मे भांडण मिटले असते, असे माझे मत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींच्या हक्कासाठी ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे राज्यघटना जारी झाली त्या दिवशी, जमिनीवर ताबा असण्याची अट फेटाळली, जमिनीच्या भरपाईलाही वाट करून दिली. पण ब्राझीलच्या संसदेने त्याच वर्षी १४,७०१ क्रमांकाच्या कायद्याने ती अट परत आणली. ज्यांना आधीच हलवले त्यांच्याकडे त्या दिवशीचा ताबा मागणे मला तरी विचित्र वाटते.

संध्याकाळी मी नोंद करायला बसलो. कंपनीचा नियम फक्त राष्ट्राध्यक्षांची मंजुरी मिळालेल्या भूमीच धरत असल्याने तो तुकडा नकाशावर निर्वेध हिरवा येत होता. नियमाप्रमाणे मी तो हिरवाच ठेवला, पण शेजारी एक रकाना वाढवून त्यात २०११ ची हद्द, झऱ्याची जागा आणि वस्ती नोंदवली. पुढच्या आठवड्यात खरेदी विभागाने कळवले की त्यांच्या प्रणालीत असा रकाना नाही, तेव्हा तो वगळून अहवाल पुन्हा पाठवावा. मी तो तसा पाठवला आणि वगळलेली नोंद सहीनिशी स्वतंत्र जोडली. मका त्या हंगामात खरेदी झाला.