चमकणारे जीवाणू आणि ५० मिनिटांचा तास: अमेरिकन हायस्कुलात प्रयोग नेताना

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. तिथल्या जीवशास्त्राच्या वर्गात पीएचडीचे विद्यार्थी प्रयोग घेऊन जातात, हे नवीन नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९९ मध्ये ‘जीके-१२’ योजना काढून त्यासाठी फेलोशिपही दिल्या. ती योजना आता बंद झाली आहे, आणि ती अमेरिकन नागरिक व ग्रीन कार्डधारकांपुरतीच होती. विद्यापीठांचे आउटरीच कार्यक्रम मात्र चालू आहेत आणि त्यांत स्टुडंट व्हिसावरची आपली मुलंही स्वयंसेवक म्हणून जातात. मानधन मिळणार असेल तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. बऱ्याच शाळा बाहेरच्या माणसाची पार्श्वभूमी तपासतात. त्यात वेळ जातो, म्हणून अर्ज लवकर करा.

जाणारे बरेच जण स्वतःच्या संशोधनाच्या स्लाइड घेऊन जातात. त्या घरी ठेवा. एकच प्रयोग न्या, पण तो मुलांच्या हातून होऊ द्या. माझी पहिली पसंती पीग्लो प्लास्मिडला. प्लास्मिड म्हणजे जीवाणूत राहणारा डीएनएचा छोटा गोल तुकडा. त्याच्या मदतीने जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाचं जनुक ई. कोलाय जीवाणूत घालायचं असतं. याच प्रथिनावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरं काम आदल्या आठवड्यातच होतं. एलबी म्हणजे जीवाणूंचं खाद्य, आणि अगार घातलं की ते जेलीसारखं घट्ट होतं. ५०० मिलिलिटर एलबी अगारमध्ये साधारण ४० प्लेट (जीवाणू वाढवायच्या झाकणाच्या बशा) होतात. अगार उकळल्यावर ५० अंशांपर्यंत निवू द्यायचं आणि मगच अँपिसिलिन (पेनिसिलिनच्या गटातलं, जीवाणू मारणारं औषध) घालायचं. घाई केली तर उष्णतेने ते निकामी होतं, सगळ्याच प्लेटवर जीवाणू माजतात आणि प्रयोगाला काही अर्थ उरत नाही. ओतलेल्या प्लेट दोन दिवस बाहेर वाळवा. ओल्या प्लेटवर कॉलन्या, म्हणजे जीवाणूंचे ठिपके, एकमेकींत मिसळतात. जीवाणूंची स्टार्टर प्लेट मात्र ताजी हवी, प्रयोगाच्या आदल्या दिवशी केलेली.

इथे शिक्षक एकाच खोलीत असतात आणि मुलं खोल्या बदलतात. एका दिवसात तोच प्रयोग पाच वर्गांना करायचा असेल तर बर्फ, लूप (टोकाला बारीक कडं असलेली काडी) आणि ट्यूब पाचपट लागतात. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला ‘प्लस’ आणि ‘मायनस’ अशा दोन ट्यूब द्या. दोन्हींत कॅल्शियम क्लोराइडचं २५० मायक्रोलिटर द्रावण आणि एकेक कॉलनी जाते. प्लास्मिडचा एक लूप फक्त प्लसमध्ये. लूपवर साबणाच्या फुग्यासारखा पातळ पडदा दिसला पाहिजे. नसेल तर लूप रिकामा आहे, आणि मुलांच्या हातून सर्वांत जास्त निसटतं ते हेच.

मग १० मिनिटं बर्फात, ५० सेकंद ४२ अंशांच्या पाण्यात आणि लगेच परत २ मिनिटं बर्फात. डीएनए आणि जीवाणूचं आवरण दोन्हींवर ऋण भार असतो. कॅल्शियम तो झाकतं आणि तापमानाच्या धक्क्याने प्लास्मिड आत शिरतं. धक्का अचानक बसायला हवा, म्हणून बर्फ आणि गरम पाणी एकाच टेबलावर ठेवा. ट्यूबचं बूड रॅकमधून खाली येऊन पाण्याला टेकलंय का, ते बघा. वॉटर बाथ नसला तर थर्माकोलचा डबा आणि थर्मामीटर पुरतो. मात्र आठ गार रॅक आत गेले की पाणी निवतं, तेव्हा गरम पाण्याचा जग जवळ असू द्या.

त्यानंतर २५० मायक्रोलिटर एलबी घालून १० मिनिटं थांबायचं. अँपिसिलिन मोडणाऱ्या एन्झाइमचं जनुकही प्लास्मिडवरच असतं, आणि ते एन्झाइम तयार करायला जीवाणूंना हा वेळ लागतो. उशीर झाला म्हणून शिक्षक नेमकी हीच पायरी गाळायला बघतात. गाळू देऊ नका. मधल्या वेळात मुलांकडून चारही प्लेटचं (प्लसच्या दोन, मायनसच्या दोन) भाकीत लिहून घ्या. शेवटी प्रत्येक प्लेटवर १०० मायक्रोलिटर पसरवायचं. नाव झाकणावर नको, बुडावर लिहा, कारण झाकणं अदलाबदल होतात. प्लेट उलट्या ठेवून ३७ अंशांवर २४ तास. इनक्युबेटर नसेल तर खोलीतच दोन-तीन दिवस ठेवा.

दुसऱ्या दिवशी अतिनील दिव्याखाली, डोळ्यांवर गॉगल लावून, प्लेट बघायच्या. प्लसच्या एका प्लेटमध्ये अँपिसिलिन असतं, दुसरीत त्याच्या जोडीला अरॅबिनोज ही साखर. कॉलन्या दोन्हींवर उगवतात, चमकते मात्र साखरेचीच. बहुतेक मुलांनी दोन्ही चमकतील असं लिहिलेलं असतं. इथे उत्तर सांगून टाकू नका. न चमकणारी एक कॉलनी उचलून साखरेच्या प्लेटवर रेघ ओढायला लावा. दुसऱ्या दिवशी ती रेघ हिरवी दिसते. जनुक आत होतंच, ते चालू करणारी साखर नव्हती, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात.

प्लेट जास्त वेळ उबेत राहिली तर मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपके दिसतात. मोठीने आजूबाजूचं अँपिसिलिन मोडलेलं असतं आणि तिथे प्लास्मिड नसलेले जीवाणू वाढतात. ते चमकत नाहीत. हे ठिपके मोजणीत धरू नका, मुलांना नक्की दाखवा.

पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या मुलांना अँपिसिलिनला हात लावू देऊ नका; अशी मुलं कोण, हे शिक्षकांना आधीच विचारून ठेवा. काम संपल्यावर प्लेट आणि लूप १० टक्के ब्लीचमध्ये निदान २० मिनिटं बुडवायचे, आणि मगच कचऱ्यात.