मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या शिडाच्या नौकेवर

ग्रीसमध्ये शिडाची नौका आठवडाभर भाड्याने घ्यावी, असा विषय ऐरोलीत आमच्या घरी निघाला, तेव्हा मेहुण्यांचा पहिला आक्षेप नौकेच्या वयावर होता, कारण परवडणाऱ्या नौका बहुतेक पंधरा वर्षांपूर्वीच्या होत्या. माझे मत वेगळे होते. नौकेचे फायबरग्लासचे अंग एवढ्यात सहसा थकत नाही. थकतात ती उन्हाने विरलेली शिडे, डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा, बॅटऱ्या आणि नांगर ओढणारे विजेचे यंत्र. त्यामुळे बांधणीचे साल बाजूला ठेवून, शिडे आणि तारा केव्हा बदलल्या आणि इंजिन किती तास चालले आहे, एवढेच आम्ही कंपनीला लेखी विचारले.

शिडाच्या बाबतीत मी थोडा हट्टच धरला. अनेक नौकांचे मुख्य शीड डोलकाठीच्या पोकळीत गुंडाळले जाते. ते सोयीचे असते, पण कापड जुने होऊन सैल पडले की त्याच्या वळ्या त्या फटीत अडकतात, आणि तेही नेमके वारा वाढून शीड लहान करण्याची वेळ आली असताना. खाली उतरवून आडव्या दांड्यावर बांधता येणारे शीड कष्टाचे खरे, पण जुन्या नौकेवर मी तेच निवडेन.

नौकेच्या वयापेक्षा मला वाऱ्याची काळजी अधिक होती. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस जोरात वाहतो आणि सिक्लाडीस बेटांमध्ये तो बोफर्ट मापावर (वाऱ्याचा जोर सांगणारे 0 ते 12 असे माप) 7-8 पर्यंत जाऊ शकतो. पश्चिमेच्या आयोनियन समुद्रात उन्हाळ्यात बहुधा सकाळी शांतता असते आणि दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. शिवाय आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात येते, तेव्हा तिकडे भाडे कमी असते आणि बंदरांत जागा मिळते. पाणी मात्र गार असते; मुलांनी त्याची पर्वा केली नाही. आम्ही आयोनियनमधल्या लेफकाडा बेटाहून निघून मेगानिसी, इथाका आणि केफालोनिया असा मार्ग ठरवला.

कप्तानाशिवाय नौका घ्यायची, तर एकाकडे मान्य परवाना आणि दुसऱ्याकडे नौकानयनाचा अनुभव लागतो. गेटवेसमोरच्या समुद्रात शिकलेले माझे शीडकाम त्याला पुरेसे नव्हते, म्हणून जुन्या नौकेमुळे वाचलेले पैसे आम्ही स्थानिक कप्तानावर खर्च केले. त्याचे मानधन रोजचे असते, आणि जेवण व झोपण्याची जागा आपण द्यायची असते. हा खर्च वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची किंमत धक्क्याला लागताना कळते. तिकडे नांगर पुढे टाकून नौका उलटी धक्क्याकडे नेतात आणि मागचे दोर धक्क्याला बांधतात. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, बाजूला ढकलणारा छोटा पंखा जुन्या नौकांवर बहुधा नसतो, त्यामुळे आडव्या वाऱ्यात सारी भिस्त सुकाणू धरणाऱ्यावर असते. इथाकावरील किओनीहून निघताना नांगराचे यंत्र मध्येच बंद पडले. कप्तानाने केबिनमधला पडलेला एमसीबी वर केला आणि साखळी पुन्हा येऊ लागली. ते बटण कुठे आहे, हे नौका ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे. भरती-ओहोटीचा फरक तिथे अगदी थोडा असतो, त्यामुळे ठाण्याच्या खाडीकाठी ओहोटीचा चिखल पाहत वाढलेल्या आम्हाला रात्रभर दोर सैल करावे लागत नाहीत, याचेच नवल वाटले.

शौचालयाचा हातपंप कागदानेही तुंबतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावे. तसेच अनामत रक्कम परत मिळवायची असेल, तर नौका घेताना प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढून ते यादीत नोंदवून घ्यावे. जुन्या नौकेवर ओरखडे पुष्कळ असतात, आणि तिथला माणूस घाईत असला तरी आपण घाई करू नये.