जुन्या शॅम्पेनची किंमत

लंडनमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध बाईंकडे १९६१ सालची दों पेरिन्यों शॅम्पेनची न उघडलेली बाटली आहे, आणि तिची किंमत जाणून घेण्यासाठी आज मी त्यांच्यासोबत एका लिलावगृहात गेलो होतो. तेथील तज्ज्ञांनी बाटली हातात घेण्याआधीच ती इतकी वर्षे कुठे ठेवली होती हे विचारले. कारण उष्णता आणि प्रकाश यांनी शॅम्पेन बिघडते, म्हणून थंड, अंधाऱ्या तळघरात राहिलेल्या बाटलीवर ग्राहकांचा अधिक विश्वास असतो. मग त्यांनी बाटली दिव्यासमोर धरून आतील पातळी न्याहाळली, कारण ती बरीच उतरलेली असल्यास बुचाने दगा दिल्याची शंका येते. लेबल घासूनपुसून स्वच्छ करण्याचा मोह विक्रेत्याने कटाक्षाने टाळावा, असे मला मनापासून वाटते.

बाल्टिक समुद्राच्या तळाशी बुडालेल्या जहाजातून २०१० मध्ये वर काढलेल्या व्हव क्लिको या शॅम्पेनच्या एका बाटलीला पुढच्याच वर्षी ३०,००० युरो मिळाले होते, आणि ती टिकली होती तीही थंडी व अंधारामुळेच. बाईंच्या बाटलीचा अंदाज अर्थातच त्याच्या जवळपासही नव्हता. तरीही त्यांनी ती लिलावात ठेवण्यास आनंदाने संमती दिली आणि किमान राखीव किंमतही, म्हणजे जिच्याखाली बाटली विकायची नाही ती रक्कम, तिथेच ठरवून घेतली.