३० इंची पाइप आणि २८०० आरपीएमचा टॉर्क

गेले काही दिवस डोक्यात एकच इंजिन घोळतंय, १९६० च्या क्रायसलर ३००एफ चं ४१३ क्युबिक इंच व्ही८. बॉनेट उघडलं की इंजिनावरून आडवे गेलेले लांबच लांब इनटेक पाइप दिसतात, दोन टोकांना फेंडरजवळ एकेक फोर-बॅरल कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा), आणि गंमत म्हणजे डावीकडचा कार्ब उजव्या बाजूच्या सिलिंडरना मिक्स्चर देतो, उजवीकडचा डाव्या. एवढा वळसा फक्त रनरला, म्हणजे कार्बपासून सिलिंडरपर्यंतच्या पाइपला, ३० इंच लांबी मिळावी म्हणून!

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो तेव्हा रनरमध्ये कमी दाबाची लाट तयार होते, ती उलटी कार्बच्या दिशेला जाते, मोकळ्या टोकाशी पोचली की तीच जास्त दाबाची होऊन परत फिरते. इनटेक व्हॉल्व बंद व्हायच्या जरा आधी ती आली तर जास्तीची हवा आत ढकलली जाते, टर्बो नाही की सुपरचार्जर नाही, नुसता पाइप. ३० इंच म्हणजे ७६ सेंमी, जाऊन-येऊन दीड मीटर, आवाजाच्या वेगाने साधारण साडेचार मिलिसेकंद. इंजिन कितीही पळवा, हा वेळ जवळपास तेवढाच राहतो. २८०० आरपीएमला (मिनिटाला २८०० फेरे) तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ७५ अंशाच्या आसपास फिरतो, ५००० ला १३० च्या पुढे, म्हणजे लाट येईपर्यंत व्हॉल्व मिटायला लागलेला असतो. वर गेल्यावर दम कमी पडतो तो यामुळे.

आकडे बघा, या ३० इंची मांडणीला, म्हणजे लाँग रॅमला, ३७५ एचपी आणि ४९५ पाउंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोही २८०० लाच. त्याच वर्षी १५ इंची रनरचा शॉर्ट रॅमही आला, ४०० एचपीचा, पण टॉर्क ४६५ आणि तो मिळायला ३६०० पर्यंत न्यायचं. (लांबी निम्मी केली म्हणून पीक दुप्पट आरपीएमला जात नाही, कॅम (व्हॉल्व उघडणारा), पोर्ट (सिलिंडरकडे हवा शिरते ते तोंड), एक्झॉस्ट सगळ्यांचाच त्यात हात असतो.)

मला विचाराल तर रस्त्यावर चालवायला लाँग रॅमच. २५ एचपी जास्त दिसतात खरे, पण ते ५२०० ला, तिथे रोज कोण जातं? ओव्हरटेक करताना, चढावर, गाडी भरलेली असताना पाय २५००-३००० च्या आसपासच असतो आणि तिथे निदान ३० पाउंड-फूट जास्त म्हणजे गिअर न टाकता काम होतं.

आणि शॉर्ट रॅमसाठी त्यांनी पाइप छोटे केलेच नाहीत! बाहेरून तेच लांब पाइप ठेवले, आतल्या रनरमधली भिंत कार्बकडच्या बाजूने काढून टाकली, पोर्टकडे १५ इंच तेवढी ठेवली. दोन्ही मॅनिफोल्ड (पाइपांचे संच) शेजारी ठेवले तर नुसतं बघून ओळखता येणं कठीण, कार्ब काढून आत हात घालायचा आणि भिंत कुठे लागते ते चाचपायचं.