दोन जादा भोकं

इंग्लंडमध्ये प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घेण्याची, कामं करणाऱ्या सॉलिसिटरच्या (वकिलाच्या) ऑफिसात मी नोकरी करते. मृत्युपत्र हातात आलं की आम्ही मजकुराआधी स्टेपलरची पिन बघतो. एका ताईंनी वडिलांचं मृत्युपत्र टेबलावर ठेवलं, तर कोपऱ्यात पिनेशेजारी आणखी दोन बारीक भोकं.

"पिन काढली होती का?"

"हो, भावाला नीट झेरॉक्स पाठवायची होती. मग परत मारली."

नीटनेटकी माणसंच हा घोळ घालतात. प्रोबेट रजिस्ट्रीला, म्हणजे प्रोबेट देणाऱ्या कोर्टाच्या कचेरीला, मूळ प्रत द्यावी लागते आणि जादा भोकं दिसली की तिथे शंका येते: याला आणखी काही जोडलं होतं का? एखादी पुरवणी? मग पिन कोणी, केव्हा, कशासाठी काढली आणि दुसरं काही जोडलेलं नव्हतं, हे सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

ताई भडकल्या. "म्हणजे मी चोर?" एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या, त्या एकट्याच, घराला गिऱ्हाईक तयार. एक्झिक्युटरला अधिकार मृत्युपत्रानेच मिळतो, प्रोबेट हा त्याचा कोर्टाचा पुरावा. पण त्या पुराव्याशिवाय घर घेणारा पैसे मोजत नाही.

त्यात भावाचा फोन. "बाबांनी मला एक कागद दाखवला होता, त्यांचं घड्याळ मला म्हणून. तो कुठे गेला?"

आता भोकांना अर्थच आला! मृत्युपत्र करून देणाऱ्या वकिलांची जुनी फाइल मागवली. कागद तिथेच निघाला, पाकिटात. वडिलांचं अक्षर, कुठली वस्तू कोणाला याची यादी, खाली सही. साक्षीदार मात्र एकही नाही. मी तो उजेडात धरून चारही कोपरे बघितले. एकही भोक नव्हतं.

ताईंवरचा संशय तिथेच मिटला. भावाची पंचाईत झाली. १८३७च्या विल्स अ‍ॅक्टनुसार दोन साक्षीदार एकाच वेळी हजर लागतात. तसे नसले तर तो कागद म्हणजे नुसती इच्छा, बंधन कोणावरच नाही.

"मग घड्याळ?" त्याने विचारलं.

"मृत्युपत्रात उरलेलं सगळं दोघांना निम्मं-निम्मं आहे. तुम्ही दोघं म्हणाल तसं."

ताईंनी निवेदनावर सही केली. घड्याळाचं काय ते दोघांनी जिन्यात ठरवलं, आमच्या फाइलीत त्याची नोंद नाही.