रस्ता मागे होता

वाक्य तीन शब्दांचं: 'रस्ता मागे होता.' ते इंग्रजीत न्यायला परवा सिद्धेश्वर पेठेतल्या ऑफिसात माझी अख्खी दुपार गेली, आणि अजून ते गेलंय असं मला वाटत नाही.

दावा साधा. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, शेजाऱ्याच्या विहिरीला वळसा घालून जाणारी गाडीवाट. अण्णांचा, म्हणजे माझ्या पक्षकाराचा, ऊस त्याच वाटेनं निघायचा. एका उन्हाळ्यात शेजाऱ्यानं तिच्यावर नांगर फिरवला. वहिवाटीचा हक्क मागायचा तर १८८२ च्या ईझमेंट ॲक्टचं कलम १५ आडवं येतं: २० वर्षं अखंड वापर हवा, आणि ती २० वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांत येऊन टेकायला हवीत. वाट 'पूर्वी' होती, एवढ्यानं भागत नाही.

आमचा मुख्य साक्षीदार अण्णांचे चुलते, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, मी आजोबा. वय ऐंशीच्या पुढं, घरात कन्नड, कोर्टात सोलापुरी मराठी. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे आपल्याच वकिलानं घ्यायची साक्ष, आता शपथपत्रावरच होतो, तो आम्हीच लिहून आणतो. साक्षीदार खरा बोलतो तो समोरच्या वकिलाच्या उलटतपासात. आणि तिथं बाहेरच्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट असते. प्रश्न सहसा लिहिलाच जात नाही. न्यायाधीश साहेब उत्तराचं वाक्य करून सांगतात, टायपिस्ट ते बडवतो. समोरच्या वकिलांनी विचारलं होतं, "विहिरीपाशी उभं राहिलं की रस्ता कुठल्या अंगाला?" आजोबा म्हणाले, "रस्ता मागं होता." कागदावर उतरलं: 'रस्ता मागे होता.' प्रश्न हवेत विरला. 'होता' म्हणाले, कारण तोवर तो नांगरला गेला होता.

उलटतपासानंतर आपल्याला मिळणाऱ्या फेरतपासात एक प्रश्न विचारला असता तर काम झालं असतं: आजोबा, मागं म्हणजे कशाच्या मागं? मी विचारला नाही. दुसऱ्या कोर्टात माझा पुकारा झाला होता, आणि मला तर अर्थ स्वच्छ दिसत होता.

निकालात आलं, वादीचाच साक्षीदार कबूल करतो की रस्ता पूर्वी होता. पहिल्या अपिलात कायदा आणि पुरावा दोन्ही नव्यानं तपासता येतात. तपासायलाच हवेत, मुद्दे काढून कारणं द्यायला हवीत, दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ४१ नियम ३१ त्यासाठीच आहे. मी या एका शब्दावर वीस मिनिटं बोललो. उत्तर एका ओळीत मिळालं, की साक्षीदाराला खालच्या कोर्टानं समक्ष पाहिलं आहे. समक्ष मीही पाहिलं होतं. पण वकिलाची आठवण रेकॉर्डवर नसते, आणि अपील म्हणजे रेकॉर्ड. आजोबा तोवर वारले होते.

आता हायकोर्टात सेकंड अपील, ९० दिवसांच्या मुदतीत. पूर्वी यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, आपला जिल्हा त्यात आहे, पहाटे निघून सांगोला-मिरज वाटेनं जाता येतं. अंतर कमी झालं, सेकंड अपिलाचं त्याच संहितेतलं कलम १०० मात्र तेवढंच अरुंद. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय हायकोर्ट सेकंड अपिलाला हात लावत नाही. दोन्ही कोर्टांनी एकच वस्तुस्थिती धरली असेल तर दार जवळजवळ बंद. पुरावा चुकीचा वाचला गेला, ही एक फट उरते.

हाच शब्द फौजदारी अपिलात असता तर? दोन अर्थ निघतात म्हटल्यावर आरोपीच्या बाजूचा धरायचा, आमचं काम तिथंच झालं असतं. इथं उलटं: दोन अर्थ शक्य असले की खालच्या कोर्टानं घेतलेला अर्थ टिकतो. विद्यार्थ्यांना हा फरक शिकवतात तो पुराव्याच्या मापाचा: फौजदारीत संशयापलीकडं, दिवाणीत संभाव्यतेचं पारडं. शब्दालाही दोन पारडी असतात, हे मला या कामानं शिकवलं.

आणि हायकोर्टात इंग्रजी. साक्षीचं भाषांतर जोडायचं, खाली 'खरे भाषांतर' म्हणून माझी सही. 'बिहाइंड' लिहिलं की अपील उभं राहतं, 'अर्लियर' लिहिलं की मी स्वतःच ते पाडलं. इंग्रजीला मराठीसारखं दोन्हीकडं तोंड करून बसता येत नाही. गंमत अशी की आजोबांच्या कन्नडलाही येतं. 'हिंदे' म्हणजे पाठीमागं आणि पूर्वीही. म्हणजे ते मनात कन्नडमध्ये बोलले असतील तरी गाठ तीच.

मी 'बिहाइंड' टाईप केलं. मग स्वतःला विचारलं, तो प्रश्न मला खरंच आठवतो, की अकरा वर्षांत मीच तो घडवलाय? समोरच्यांचे वकील मित्र आहेत, त्यांना फोन करून विचारावंसं वाटलं. केला नाही. त्यांना आठवत असतं तर त्यांनी सांगायचं होतं कशाला?

अण्णा समोर बसून होते. त्यांना सगळं समजावलं. म्हणाले, "तुम्ही तिथंच होता की, साहेब. तुम्हीच सांगा की त्यास्नी." वकिलाला आपल्याच दाव्यात साक्ष देता येत नाही, हे त्यांना पटलं नाही. मलाही त्या क्षणी नीट सांगता आलं नाही.

शेवटी इंग्रजी वाक्यात मी तो शब्द देवनागरीतच ठेवला, 'मागे', आणि तळटीपेत दोन्ही अर्थ दिले. अपिलाच्या कारणांत पहिलं कारण हेच. हायकोर्टाची कचेरी, म्हणजे रजिस्ट्री, भाषांतर अपुरं म्हणून आक्षेप काढेल, असं माझ्या ज्युनियरचं ठाम मत. काढला तर काढला.

निघताना अण्णांनी ते पान उलटंसुलटं करून पाहिलं. इंग्रजी ओळींत त्यांना एकच शब्द वाचता आला.

"हां," म्हणाले, "हे आप्पांचं."