टीएलडी बॅज लावणाऱ्यांनी रक्तदाबावरही लक्ष ठेवावं

अणुऊर्जा क्षेत्रात किरणोत्सर्गाचा डोस मोजणारा टीएलडी बॅज लावून काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा विषय निघाला की बोलणं थेट कर्करोगावर जातं. हृदयविकार आणि पक्षाघात मागे राहतात. त्यांच्याबद्दलचा पुरावा आता दुर्लक्ष करण्याजोगा राहिलेला नाही.

छातीवरच्या रेडिओथेरपीने, म्हणजे मोठ्या डोसने, हृदयाला इजा होते हे जुनं ज्ञान आहे. २०१० मध्ये हिरोशिमा-नागासाकीतल्या ८६,६११ जणांचा १९५० ते २००३ या काळाचा अभ्यास आला. त्यात दर ग्रेमागे (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्के आणि पक्षाघाताने सुमारे ९ टक्के वाढलेला दिसला. २०१२ मध्ये आयसीआरपी या किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने रक्ताभिसरणाच्या विकारांसाठी ०.५ ग्रे ही मात्रा उंबरठा म्हणून सुचवली. डोस एकदम मिळो वा वर्षानुवर्षं थेंबथेंब, उंबरठा तोच. त्याखाली धोका शून्य, असा मात्र याचा अर्थ नाही. नेमक्या या थेंबथेंब डोसबद्दल मोठा पुरावा इनवर्क्स अभ्यासातून आला. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांहून जास्त कामगारांच्या नोंदींवर तो बेतलेला आहे. रक्ताभिसरणाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंसाठी त्याचं २०१७ मधलं अनुमान होतं दर सीव्हर्टमागे सुमारे २२ टक्के वाढ. (सीव्हर्ट म्हणजे किरणांचा शरीरावरचा परिणाम धरून काढलेलं डोसचं एकक; गॅमा किरणांसाठी तो जवळपास ग्रेइतकाच.)

हा आकडा घाबरवण्यासाठी नाही, हिशेबासाठी आहे. समजा आयुष्यभराचा डोस ५० मिलिसीव्हर्ट. २२ टक्क्यांचा विसावा भाग म्हणजे १.१ टक्के. शंभरातल्या २५ जणांचा मृत्यू एरवीही याच आजारांनी होणार असेल, तर ते २५ चे साधारण २५.३ होतात. वाढ छोटी आहे, पण शून्य नाही. इनवर्क्समधल्या कामगारांचा सरासरी डोस तर सुमारे २५ मिलिसीव्हर्टच होता. आता दुसरं टोक बघा. वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा कुणी २५ वर्षं पुरेपूर वापरली, तर बेरीज ५०० होते, म्हणजे थेट उंबरठ्यावर. मर्यादा एकदाही न ओलांडता! म्हणून वार्षिक आकडा हिरव्या रंगात दिसतो यावर समाधान मानू नये, आयुष्यभराची बेरीज समोर ठेवावी.

रशियातल्या मायाक प्रकल्पात १९४८ पासून काम केलेल्यांचे डोस याहून कितीतरी मोठे होते. तिथे डोसबरोबर मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांचं प्रमाण चढत गेलेलं दिसतं, धूम्रपान आणि मद्यपानाचा हिशेब वजा केल्यावरही.

हे घडतं कसं, याचं चित्र अजून पूर्ण नाही, पण मुख्य संशय रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर आहे. या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियमच्या, पेशी अकाली म्हाताऱ्या होतात, नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं, वाहिनी नीट सैलावत नाही. पृष्ठभाग चिकट झाला की पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, मंद दाह सुरू राहतो आणि चरबीचा थर साचायला जागा मिळते. यात दहा-वीस वर्षं जातात. नेहमीच्या तपासणीतल्या रक्तपेशींच्या मोजणीत यातलं काहीही दिसत नाही. ती मोजणी मोठ्या, अचानक मिळालेल्या डोससाठी ठीक आहे. दीर्घकाळच्या छोट्या डोससाठी रक्तदाब, लिपिड (रक्तातली चरबी), साखर आणि किडनीचं कार्य जास्त बोलकं ठरतं.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. कामावर घेतले जातात ते मुळात धडधाकट लोक, आणि तब्येत साथ देते तेच जास्त वर्षं टिकून जास्त डोस घेतात. त्यामुळे खरा परिणाम झाकला जाऊ शकतो. उलट शिफ्ट ड्युटी, आवाज, उष्णता आणि धूम्रपान यांमुळे आकडा फुगूही शकतो.

बॅजवरचा आकडा हा हृदयाचा डोस नव्हे. स्रोताकडे पाठ करून काम केलं तर गॅमा किरण शरीरातून क्षीण होत छातीवरच्या बॅजपर्यंत पोहोचतात, आणि नोंद कमी होते. अशा कामात पाठीवर दुसरा बॅज मागून घ्यावा. सीव्हर्टमधलं वजन कर्करोगाच्या धोक्यावरून ठरवलेलं आहे. गॅमासाठी सीव्हर्ट आणि ग्रे जवळपास सारखेच, पण न्यूट्रॉन किंवा प्लुटोनियमच्या बाबतीत तो आकडा हृदयावर तसाच लावता येत नाही. ट्रिटियम शरीरातल्या पाण्याबरोबर सगळीकडे पसरतं, प्लुटोनियम मुख्यतः यकृतात आणि हाडांत बसतं.

डोस कमी करण्याची जागा म्हणजे प्रत्यक्ष काम. व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग (गळती रोखणारं भरण) बदलायचंय, तिथे ताशी ०.६ मिलिसीव्हर्टचं क्षेत्र आहे. २० मिनिटं लागली तर ०.२ मिलिसीव्हर्ट. हेच काम आधी मॉक-अपवर (सरावाच्या प्रतिकृतीवर) करून १२ मिनिटांत बसवलं तर ०.१२. शिशाच्या ब्लँकेटवर भाबडा विश्वास नको. कोबाल्ट-६० चे गॅमा निम्मे करायला सुमारे १२ मिलिमीटर शिसं लागतं, पातळ ब्लँकेट थोडंच कापतं. अंतराचंही तसंच. लहान हॉटस्पॉटपासून (जास्त किरणोत्सर्गाच्या ठिपक्यापासून) दुप्पट लांब गेलं की डोस चौथाई होतो, लांब पाइपजवळ मात्र निम्माच. शक्य असेल तिथे आधी लाइन फ्लश करून (पाइप आतून धुऊन) घेणं या दोन्हींपेक्षा बरं.

कंत्राटी कामगारांना माझं आग्रहाने सांगणं आहे: प्रत्येक ठिकाण सोडताना डोसची नोंद लेखी घ्या आणि बेरीज स्वतः एका वहीत ठेवा. आधीच्या ठिकाणचे आकडे नव्या ठिकाणी आपोआप येतीलच असं धरून चालू नका. छातीचे सीटी स्कॅन कामाच्या डोसमध्ये मोजत नाहीत, पण हृदयाला ते मिळतातच, म्हणून तेही वेगळ्या रकान्यात लिहा. बेरीज १०० मिलिसीव्हर्टच्या पुढे गेलेली असेल, तर पुढच्या वैद्यकीय तपासणीत ही वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि रक्तदाब-लिपिडच्या गेल्या काही वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाहायला सांगा. सिगारेट चालू असेल तर आधी ती बंद करा, कारण तिच्याने वाढणारा धोका वरच्या १.१ टक्क्याच्या कित्येक पट आहे.